वाढत्या अंगाची सॅक

दुकानात शिरलेला माणूस सॅक हातात घेतो आणि सगळ्यात आधी रंग बघतो. मग चेन ओढून बघतो. मग आत डोकं घालतो, जणू आत कोणी राहतंय. मग विचारतो, "कितने लीटर की है?" आकडा ऐकून मान डोलावतो. त्या आकड्याचा अर्थ त्याला बहुतेक वेळा लागलेला नसतो, पण मान डोलावतो. चप्पल घेताना आपण पाय घालून दुकानात चार फेऱ्या मारतो. दिवसभर पाठीवर बसणारी वस्तू मात्र एका खांद्यावर अडकवून आरशात बघितली की काम झालं.

मग मी टेप काढते आणि म्हणते, "पीठ इधर कीजिए."

चंदीगडच्या एका सेक्टर मार्केटमध्ये, डोंगरात जाणाऱ्यांचं सामान विकणाऱ्या दुकानात मी पंधरा वर्षं हे काम करते आहे. इतक्या वर्षांत शेकडो पाठी मोजल्या. एकच पाठ मोजायची राहिली, आणि नेमकी तीच महागात पडली. महागात मला नाही, जिची पाठ होती तिला. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी माझी ओळख. मी मूळची सांगलीची. नवऱ्याची चंडीमंदिरच्या लष्करी छावणीत बदली झाली म्हणून तीन वर्षांसाठी इकडे आलो, आणि तो फौजेतून निवृत्त झाल्यावर पंचकुल्यातच राहिलो. मी स्वतः जिन्यापलीकडे काही चढलेली नाही. दुकानाचे मालक हरजीतसिंग, ज्यांना सगळं मार्केट पाजी, म्हणजे थोरला भाऊ, म्हणतं, त्यांनी मला ठेवून घेतलं ते माझ्या याद्यांमुळे. पहिल्या दिवशी मी विचारलं, गोदामात काय काय आहे? ते म्हणाले, "सब कुछ है जी." आठवड्याभरानं मी त्यांना चार पानांची यादी दिली : "सब कुछ"मध्ये काय काय नाही त्याची. तेव्हापासून ते मला मॅडमजी म्हणतात आणि माझ्या वहीला हात लावत नाहीत.

आता थोडं या धंद्याविषयी, कारण हा अंक वाचणाऱ्या बहुतेकांनी प्रवासाची बॅग घेतली असेल, कातळ चढायला जाणाऱ्याची सॅक घेतली नसेल. सकाळी जाऊन संध्याकाळी परत येणाऱ्या माणसाला पंचवीस ते तीस लिटरची सॅक पुरते. त्यात कमरेला बांधायचा हार्नेस, चढायचे बूट, हेल्मेट, दोर अडकवायच्या कड्या वगैरे थोडं लोखंडी सामान, पाणी, डबा, एक जाकीट आणि मलमपट्टी बसते. दोर लांब आणि जड असतो. तो दोघांत एक, आणि एकानं दोर घेतला तर दुसऱ्यानं लोखंड घ्यायचं. जड वस्तू पाठीला चिकटून, मधोमध. सॅक अंगाला घट्ट हवी, बाहेर लोंबणारं काही नको. कारण कातळापर्यंतची वाट काही हमरस्ता नसते, झुडपं प्रत्येक पट्टा धरून ओढतात.

पण या सगळ्याआधी पाठ. माणसाची उंची विचारून सॅक देणं म्हणजे चष्म्याचा नंबर वयावरून काढणं. मान खाली घातली की मानेच्या मुळाशी एक हाड वर येतं. तिथून कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या वरच्या रेषेपर्यंत टेप लावायची. तेवढी ती पाठ. सहा फुटी माणसाची पाठ आखूड असू शकते आणि त्याच्या बुटक्या बायकोची लांब. सॅकचा कमरपट्टा त्या हाडांवर बसला तर ओझं पाय उचलतात. खाली घसरला तर खांदे उचलतात, आणि सॅक पाठीवर न राहता पाठीमागे राहते. या दोन्हींत फार फरक आहे.

माझं गिऱ्हाईक तऱ्हेतऱ्हेचं. एक निवृत्त कर्नलसाहेब वाणसामानाचा तराजू घेऊन आले होते. रिकाम्या सॅकचं वजन त्यावर पाहिलं, कंपनीनं लिहिल्यापेक्षा साठ ग्रॅम जास्त भरलं, आणि मला म्हणाले, "इन्हें चिट्ठी लिखिए." मी लिहिली. उत्तर आलं नाही, पण कर्नलसाहेब दर दिवाळीला त्याची चौकशी करतात. पिंजौरहून एक गृहस्थ मुलासाठी सॅक घ्यायला आले, मुलाला न घेता. म्हणाले, "मेरे जितना ही है जी, मुझे नाप लो." मी मोजलं. पुढच्या रविवारी मुलाला घेऊन आले, तर मुलगा बापाहून वीतभर उंच. बाप बघतच राहिला, जणू पोरगा बसमध्येच वाढला होता. झिरकपूरची एक नवी नवरी नवऱ्याच्या जाकिटाला शोभणारी मरून सॅक मागत होती. मरून नव्हती. मी म्हटलं, जाकीट बदला. तिनं बदललं.

यातल्या प्रत्येकाला मी टेप लावली. पाजी म्हणायचे, "मॅडमजी, ये दर्ज़ी की दुकान नहीं है." मी म्हणायचे, शिंप्याचं चुकलं तर निदान उसवता येतं.

आणि मग गौरी आली.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मोसम संपल्यावरचा सेल, शनिवार, दुकानात पाय ठेवायला जागा नाही. एक सडपातळ मुलगी सॅकांच्या रांगेसमोर उभी राहून फोनवर आईशी बोलत होती : "अगं आई, घेते की, चांगलीच घेते." मराठी कानावर पडली आणि माझ्या हातातलं काम सुटलं. मी विचारलं, "कुठली गं तू?" ती कऱ्हाडची. मोहालीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम, चार महिने झालेले, ऑफिसातली चार-पाच पोरं रविवारी मोरनीच्या डोंगरांकडे कातळ चढायला जातात, त्यांच्यात आता हीही जाऊ लागलेली. मी सांगलीची म्हटल्यावर तिनं माझा हातच धरला. म्हणाली, "काकू, चार महिन्यांत घरच्यांशिवाय कोणाशी मराठीत बोलले नाही. भाकरीची तर आठवणसुद्धा काढत नाही, रडू येतं."

पुढचा अर्धा तास आम्ही ज्वारीचं पीठ कुठं मिळतं, कृष्णेला पाणी किती आलं होतं, तिची मामी आमच्या गल्लीच्या मागच्या गल्लीत कशी राहते, यावर बोललो. सॅकवर बोलणं झालं ते एवढंच :

"काकू, ही पन्नास लिटरची घेऊ का? आत्ता मोठी होईल, पण पुढं हिमालयात मोठ्या ट्रेकला गेले तर तीच चालेल."

आणि मी, रोज चार जणांना नको तेवढी मोठी सॅक घेऊ नका म्हणून भांडणारी मी, म्हणाले, "घे की. वाढत्या अंगाची असावी."

तुम्हां-आम्हांला हे वाक्य कळतं. शाळेचा गणवेश दोन बोटं मोठा, बूट एक नंबर मोठा, पुढं कापूस घालून. आपण सगळे वाढत्या अंगाच्या वस्तूंत वाढलो. फक्त सव्वीस वर्षांच्या मुलीची पाठ वाढत नाही, एवढं माझ्या लक्षात आलं नाही. टेप माझ्या गळ्यातच होती.

त्यानंतर गौरी अधूनमधून यायची, कधी चढताना हातांना लावायची खडूची पूड घ्यायला, कधी नुसतीच. मग सात-आठ महिने दिसली नाही. गेल्या वर्षी दिवाळीनंतर आली ती ती सॅक हातात धरून. पाठीवर नाही, हातात.

"काकू, ही कोणाला तरी देऊन टाका. चांगली आहे, फारशी वापरलेली नाही."

"का गं? चढणं सोडलंस?"

तिनं उजवं मनगट पुढं केलं. कातळावरून उतरून गाडीकडे परत येताना, भुसभुशीत उतारावर ती पडली होती. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं होतं. पण त्यानंतर ती दोनदा गेली आणि दोन्ही वेळा अर्ध्या वाटेवरून परतली.

"कातळाची भीती नाही वाटत काकू. तिथं दोर असतो. उताराची वाटते. पाठीमागून कोणीतरी ओढतंय असं वाटतं आणि पायच उचलत नाही. सगळे थांबून राहतात माझ्यासाठी. मग मीच म्हटलं, जाऊ दे." मग म्हणाली, "रविवारी खोलीवर बसून करमत मात्र नाही. इथं माझं दुसरं कोण आहे?"

मी म्हटलं, "एकदा पाठीला लाव."

"नको हो."

"लाव म्हणते ना."

तिनं लावली. आणि मला जे दिसलं ते पाच वर्षांचा अनुभव असलेल्या कोणालाही दिसलं असतं. कमरपट्टा हाडांच्या खाली, मांड्यांच्या वर लोंबत होता. खांद्याचे पट्टे खांद्यांना टेकतच नव्हते. मधून हात गेला. सॅक तिच्या पाठीमागे एका वेगळ्या माणसासारखी उभी होती. मी टेप लावली. पाठ एक्केचाळीस सेंटिमीटर. सॅक पन्नास सेंटिमीटरच्या पाठीची.

मागून ओढणारं कोणीतरी खरंच होतं. मीच विकलं होतं ते.

"गौरी, चूक माझी आहे."

"नाही हो काकू, पाय माझा घसरला."

"पाय तुझा, सॅक माझी. उद्या तुझं सगळं सामान घेऊन ये. यादी करून नको, सामान घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी तिनं काउंटरवर सामान मांडलं. मी अठ्ठावीस लिटरची, आखूड पाठीची एक सॅक काढली. हेल्मेट आत उलटं ठेवून त्यात हार्नेस बसवला, मध्ये पाणी आणि लोखंड, वर जाकीट. सगळं बसलं, वर मूठभर जागा उरली. गौरी सॅककडे बघत राहिली.

"पण काकू, मग गगनचा डबा कुठं जाणार?"

"कोणाचा डबा?"

गगन म्हणजे त्यांच्या टोळीचा म्होरक्या, मोहालीचाच, सहा फूट, आवाज त्याहून मोठा. मी वही उघडली, पानावर मधोमध रेघ मारली आणि म्हटलं, पडलीस त्या दिवशी पाठीवर काय काय होतं ते सांग. डावीकडे तुझं, उजवीकडे दुसऱ्यांचं. डावीकडे आठ ओळी झाल्या. उजवीकडची जागा संपली. अख्खा दोर. गगनचा चार मजली स्टीलचा डबा. सगळ्यांची एकत्र लोणच्याची बरणी. काचेची! कोणाचं तरी जाकीट, कोणाचा तरी स्पीकर. बाहेर दोन हेल्मेटं टांगलेली, चालताना एकमेकांवर आपटणारी. चहाची किटली.

"अगं, तू चढायला गेली होतीस की वरातीला?"

ती हसली, मग कानकोंडी झाली. "माझीच सॅक मोठी होती ना. गगन म्हणायचा, जिसका बैग बड़ा, उसका दिल बड़ा. नवीन होते काकू. नाही कसं म्हणणार? घेतात आपल्याला बरोबर, तेवढंच बरं वाटायचं."

इतक्या वर्षांत मी गिऱ्हाइकाला विचारत आले, तुम्ही काय नेता? कोणाचं काय नेता, हे कधी विचारलं नव्हतं. रिकामी जागा दिसली की लोक ती भरतात. घरातलं कपाट असो की दुसऱ्याची पाठ. माझ्या वहीत, दुकानात लावलेल्या माझ्या छापील यादीत, याला रकानाच नव्हता. असणार कुठून? ज्या कातळांसाठी मी सॅका विकते, ते कातळ मी कधी पाहिलेच नव्हते. पाऊण तासाची वाट आहे. पंधरा वर्षांत मला सवड झाली नाही. याची मला खरोखर लाज वाटली.

मी म्हटलं, "या रविवारी मी येते. तूही चल. उतार नको वाटला तर दोघी खालीच बसू, मी डबा आणते."

पाजींना सांगितलं तर ते म्हणाले, "मॅडमजी, आप? पहाड़ पे? जीना चढ़ते हुए तो आप पाजी-पाजी करती हो." तरी दुकानातली एक वीस लिटरची सॅक त्यांनी स्वतः काढून दिली.

रविवारी सकाळी पंचकुल्याहून गगनच्या गाडीत बसलो. गाडी लावली तिथं रस्त्याच्या कडेला सामानाची वाटणी सुरू झाली. गगननं सवयीनं चार मजली डबा गौरीपुढं धरला, आणि नवी सॅक बघून थबकला.

"ओए, बैग तो आधा रह गया तेरा!"

गौरी लाल झाली. मी तोंडात आलेलं गिळलं. हे तिचं तिनंच बोलायला हवं होतं.

"दिल भी आधा कर दिया, यार," ती म्हणाली. "अपना डब्बा खुद उठा."

मग गगन एवढ्यानं हसला की झाडावरचे पक्षी उडाले. "अच्छा जी! मराठी मैडम को साथ लाई है, तभी आवाज़ निकल रही है." त्यानं डबा उघडला, पराठे कागदात गुंडाळून आपल्या सॅकमध्ये कोंबले आणि डबा गाडीतच ठेवला. इतके दिवस ते एवढं स्टील डोंगरावर कशाला जात होतं, हे त्यालाही सांगता आलं नाही. दोर त्यानं घेतला.

वर जाताना मध्ये एक उघडा, भुसभुशीत उतार लागला. बाजूला एक वाकडं खैराचं झाड. गौरी थांबली. "इथंच, काकू," एवढंच म्हणाली, आणि चढून गेली. चढताना तिला काही वाटत नव्हतं. प्रश्न परत येतानाचा होता.

कातळापाशी मी पहिल्यांदा पाहिलं की आपण विकलेल्या सॅकचं लोक काय करतात. कोणी तिच्यावर बसतं, कोणी उशाला घेतं, कोणी तिच्यावर दोर पसरतं म्हणजे मातीत लोळत नाही. सारखी लागणारी वस्तू नेमकी तळाशी असते, म्हणून दर दहा मिनिटांनी अख्खी सॅक उपसली जाते. आणि माकडं! माझ्या छापील यादीत ठळक अक्षरांत लिहिलं होतं : खाण्याचं सामान वरच्या कप्प्यात, चटकन हाताशी. एक माकड आलं, चेन दोन बोटांनी धरून ओढली, माझ्या थालीपीठांचा डबा चटकन हाताशी घेतला आणि खडकावर जाऊन बसलं. माझा सल्ला त्याच्याइतका मन लावून कोणी पाळला नव्हता. गगन म्हणाला, "आंटीजी, ये भी आपकी दुकान का ग्राहक है?" सोमवारी मी यादीतली ती ओळ खोडली.

गौरी चढली. मला त्यातलं काही कळत नाही, पण ती वर असताना खालचे सगळे बोलायचे थांबले होते, त्यावरून चांगलं चढली असावी. खाली आल्यावर खडूनं पांढरे झालेले हात तिनं पुसलेच नाहीत.

दुपार कलल्यावर आवराआवर झाली. पोरं पुढं गेली, त्यांच्यामागे गौरी, शेवटी मी. तिचं बोलणं हळूहळू कमी होत चाललं होतं. मी मनात म्हणत होते, आता येईल तो उतार, आता येईल. आणि तो आला तेव्हा माझाच पाय घसरला. फार नाही, वीतभर. पण बारीक खडे खाली घरंगळत गेले. मी बसकण मारली आणि दोन्ही हातांनी गवत धरलं. गौरी माझ्यापुढं वीस पावलं खाली होती. तिनं वळून पाहिलं.

"काकू! बसू नका! बसलात की आणखी घसरता!"

"मला नाही उठता येत गं."

ती परत वर आली, तरातरा. माझ्यासमोर उभी राहिली आणि माझ्या सॅककडे बघून म्हणाली, "कमरपट्टा उघडाच? काकू, तुम्ही?"

"उकडत होतं."

"उकडू दे. लावा आधी. आधी कमरेचा, मग छातीचा. हां. आता उभ्या राहा. डोंगराकडे रेलू नका, वजन पायांवर. गुडघे जरा वाकवा. छोटी पावलं टाका."

"अगं, मला शिकवतेस?"

"हो, शिकवते. बोलू नका, पाय बघा."

माझा दंड तिनं उजव्या हातानं धरला, मोडून जुळलेल्या हातानं, आणि मला पावलापावलानं खाली नेलं. मी दोनदा थांबले, दोनदा ती खेकसली. पुढं झाडी लागली, पायाखाली घट्ट माती आली, तरी तिनं दंड सोडला नाही. थेट रस्त्यापर्यंत.

गाडीपाशी पोरं किटलीतला चहा ओतत होती. गौरीनं पाठीवरची सॅक न काढताच दोन घोट घेतले. मग एकदम वळून तिनं डोंगराकडे पाहिलं.

"काकू, तो उतार कधी आला?"

"कधीच येऊन गेला," मी म्हटलं. "तू माझ्यावर ओरडत होतीस तेव्हा."